मास्तर पीत नव्हते

दत्तू मास्तरांनी मला फसवलं. पाच वर्षं मी त्यांना दारुडा म्हणत होते, चारचौघांत म्हणत होते, आणि ते पीत नव्हते.

हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहायचं आहे, आणि चांगलं लिहिता लिहिता माणूस आपली तक्रार विसरतो. मला विसरायची नाही. घाऊक व्यापारी, मिलचे एजंट, घरमालक, सगळे मला फसवायला येऊन रिकाम्या हातांनी परत गेले. फसवलं ते एकाच माणसाने, आणि तो असा की याला खोटं बोलताच येत नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं.

बसवनगुडीत गांधी बाजारच्या मागच्या गल्लीत माझं मॅचिंग सेंटर. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, बटणं, दोरे. निपाणीहून मी एकटी आले तेव्हा या गावात माझं कुणी नव्हतं, म्हणून भांडणच नातेवाईक केलं. दुकानापुढे चार फुटांची पडवी होती. तिथे मशीन टाकायला मी मास्तरांना जागा दिली. ते इथलेच, पूर्वज कधी इकडे आले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दारात कन्नड. माझं मराठी त्यांना जोरात वाटायचं आणि त्यांचं मला मऊ. ‘बाई, स्वल्प थांबा,’ म्हणायचे, आणि मी थांबायचे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर थांबले नसते.

ब्लाउज शिवावा तर मास्तरांनी. बायकांचं माप घेताना ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. टेप फिरायची, बोट लागायचं नाही. तीन मापं टेपने घेत, बाकीची नजरेने, आणि ती नजर कॅलेंडरवर असताना कुठून लागे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ‘बाई, त्या साडेचौतीस येऊन गेल्या, चतुर्थीच्या आत पाहिजे म्हणाल्या,’ असा निरोप द्यायचे. एकदा त्या साडेचौतीस मागेच उभ्या होत्या. मास्तरांचे कान लाल झाले आणि त्या दिवशी त्यांनी शिलाई घेतली नाही. मी त्यांना झापलं. ते म्हणाले, ‘सरी, बरं बाई, चूक माझी आहे, मग पैसे त्यांचे कसे?’

असल्या माणसाने धंदा कसा करायचा? मी घाऊकवाल्याशी घासाघीस करत असले की मास्तर मशीन थांबवून ऐकत. तो माणूस घाम पुसत निघाला की त्याला पडवीत बसवून पाणी देत. मी भाव पाडायचा आणि यांनी जखमेवर हळद लावायची. अकरा वाजता कोपऱ्यावरून कॉफी यायची, बाय-टू, अर्धी मला आणि अर्धी त्यांना. त्या अर्धीतलाही तळचा घोट ते ठेवून देत. जास्त झालं की हात कापतो, कापड बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. सुपारी नाही, पान नाही, तपकीर नाही. कापडाबद्दल त्यांचं एकच शास्त्र होतं: कापण्याआधी तीनदा बघावं, कापल्यावर एकदाही बघू नये.

एकदा एक श्रीमंत बाई तणतणत आल्या. त्यांच्या रेशमी कापडातलं पाव मीटर मास्तरांनी खाल्लं, असा आरोप. मी पदर खोचला. मास्तरांनी मला हातानेच थांबवलं आणि कपाटातून एक पुरचुंडी काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कातरणीची पुरचुंडी ते बांधून ठेवत, नखाएवढा तुकडाही टाकत नसत. काउंटरवर त्यांनी शिवलेला ब्लाउज उलटा पसरला आणि त्याच्याभोवती एकेक तुकडा लावत गेले. काखेखालचा, गळ्यातला, बाहीच्या तिरक्या काटाचा. दहा मिनिटांनी काउंटरवर कापड जसंच्या तसं होतं, फक्त त्यात भेगा होत्या.   पुरचुंडी पुन्हा बांधून मास्तरांनी बाईंच्या पिशवीत ठेवली. मास्तरांनी ते कापड चोरलं असतं तर बरं, असं त्या बाईंना वाटलं असेल.

मास्तरांची बायको, मुलं लहान असतानाच, काविळीने गेली होती. मुलगी सुनंदा आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान रमेश. त्यांना वाढवलं मास्तरांच्या मोठ्या बहिणीने, सीतक्काने. सीतक्काचं स्वतःचं लग्न झालंच नव्हतं, पण समाजातली निम्मी लग्नं तिने जमवलेली. कुणाच्या घरात काय आहे आणि काय नाही हे तिला विचारल्याशिवाय सोयरीक पुढे सरकत नसे. जे. पी. नगरात दोन खोल्यांचं घर, तिथे तिचा शब्द चालायचा. मास्तर तिच्यापुढे रमेशपेक्षाही लहान व्हायचे. वसंत नावाचा एक धाकटा भाऊ हुबळीला होता, तोही शिवणकामातच.

एक्क्याण्णवच्या सुमाराला मास्तरांचा पाय मशीनच्या पायट्यावरून निसटायला लागला. आधी महिन्यातून एकदा, मग रोज. मग हात. खडूची रेघ सरळ जाता जाता मध्येच उसळी घ्यायची. खांदा उगीच उडायचा. मास्तरांनी त्यावर एक युक्ती काढली होती, आणि ती रोज बघूनही मला कळली नव्हती. हात उडाला की तो उडालेला हात ते केसांवरून फिरवत. मान झटकली गेली की कुणी हाक मारली का असं बघितल्यासारखं करत. पाय उडाला की चप्पल शोधत. प्रत्येक झटक्याला ते काहीतरी काम जोडून देत. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस चुळबुळ्या झाला. म्हातारपण कसलं, चव्वेचाळीस वय होतं.

मग बायका हसायला लागल्या. कुणी तरी म्हणालं, मास्तर ‘घेतात’ वाटतं. मी त्या बाईला दुकानातून हाकललं. आठ दिवसांनी सकाळी मी बटणांचा डबा काढायला मशीनचा खण ओढला, आणि आत चपटी बाटली. अर्धी भरलेली. खणाला वास येत होता.

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गांधी बाजारात मला ओळखणारे अजून आहेत, त्यांना पाठ आहे. फुलवाल्यांनी फुलं बांधणं थांबवलं होतं. माझा बाप पिऊन मेला, त्याचं सगळं मी मास्तरांवर काढलं. मशीन उचलून रस्त्यावर ठेवलं. मास्तर उभे होते, हात केसांवरून फिरवत. एकदाही म्हणाले नाहीत की ही बाटली माझी नाही. जाताना फक्त म्हणाले, ‘बाई, शेल्फवर सहा ब्लाउज तयार आहेत. काजं तेवढी राहिलीत.’

त्यानंतर पाच वर्षं ते मला दिसले नाहीत. कानावर यायचं. जे. पी. नगरात झोकांड्या खात फिरतात. भाजीबाजारात पडले. रमेशने एकदा भर रस्त्यात, सगळ्यांसमोर बापाच्या थोबाडीत मारली. हे ऐकून मी म्हणाले होते, बरं झालं. हो, मीच म्हणाले होते.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात ते पडवीत येऊन उभे राहिले. चालत आले ते नाचल्यासारखे. आख्खं अंग कुणीतरी दोऱ्यांनी ओढत होतं. शेजारच्या दुकानातली पोरं खिदळली. मी काउंटरवरची कात्री हातात घेतली आणि विचारलं, आता काय राहिलंय. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढायचा प्रयत्न केला. तीनदा हात चुकला. शेवटी मीच काढला. तोंडाला वास येतो का म्हणून मी मुद्दाम जवळ गेले होते. वास आला नाही. साबणाचा आला.

कागद डोक्याच्या आणि मज्जातंतूंच्या आजारांच्या सरकारी इस्पितळाचा होता. तारीख मी त्यांना हाकललं त्याच्या दोन आठवडे आधीची.

त्यांची जीभ जड झाली होती. शब्द चिखलातून ओढल्यासारखे यायचे आणि लोकांना वाटायचं, बरळतोय. मला मात्र कळत होतं. कारण सोपं आहे. तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या मास्तरांचं बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते आले होते. त्यांना माझी जीभ पाहिजे होती. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा कशी वापरली ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पाच वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्याच दुकानात माप द्यायला आल्या होत्या. मास्तर कॅलेंडरकडे बघत होते आणि बाई मास्तरांच्या हातांकडे. जाताना त्यांनी कन्नडमध्ये हळूच विचारलं होतं, ‘अण्णा, तुमच्या घरात आणखी कुणाला असं होतं का?’ मास्तर इस्पितळात गेले. आजार रक्तातून येणारा निघाला. आधी हातपाय, मग बोलणं, मग बुद्धी आणि स्वभाव. औषधाने थोडा आराम, बरं होणं नाही. आणि मुलांना येऊ शकतो.

त्यांनी घरी जाऊन सीतक्काला सांगितलं. सीतक्काला ऐकून नवल वाटलं नाही. तिने दार लावलं आणि सांगितलं की आपल्या अप्पांनाही, म्हणजे वडिलांनाही, हेच होतं. अप्पा पिऊन पिऊन गेले असं सगळ्या समाजाला माहीत होतं, मास्तरांनाही तेच माहीत होतं. अप्पांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. सीतक्का सोळा वर्षांची असताना तिची ठरलेली सोयरीक मोडली होती, घरात वेड आहे म्हणून. तेव्हा आजीने धाकट्या नातवंडांसाठी नवी गोष्ट रचली: तो पितो. आणि ती गोष्ट चालली. बाप पितो तर पितो, मुलगी कुठे पिते? पिणाऱ्याच्या घरात मुली दिल्या-घेतल्या जातात. रक्तात काही असलेल्या घराकडे कुणी फिरकत नाही. सीतक्काने भावाचा हात देव्हाऱ्यावर ठेवून शपथ घातली. तू पितोस. मुलांनाही तेच सांगायचं.

पण सांगून कोण विश्वास ठेवणार? सुपारी न खाणारा माणूस. म्हणून त्यांनी बाटली आणली. निम्मी खणात ओतली, निम्मी ठेवली. रोज सकाळी नऊला मी तो खण उघडते हे त्यांना माहीत होतं. मी आरडाओरडा करणार, आणि संध्याकाळच्या आत ती बातमी जे. पी. नगरपर्यंत पोचणार, हेही माहीत होतं. आयुष्यभर मी माझ्या तोंडाच्या जोरावर जगले, आणि या मऊ माणसाने ते फुकटात वापरून घेतलं.

मी विचारलं, मग आता शपथ का मोडता? ते म्हणाले, सुनंदाचं ठरलंय. देवनहळ्ळीचं स्थळ, कापड दुकान आहे. मुलगी त्यांच्यासारखी होती. तीच बोटं, तशीच मान. तेव्हा आजारही तिच्याकडेच गेला असणार आणि रमेश सुटला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिला कळायला हवं, तिला मूल होण्याआधी कळायला हवं. आणि आता त्यांना सांगता येत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी सांगता येत होतं तेव्हा सांगायचं नव्हतं.

मी त्यांना रिक्षात घालून त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं नीट सांगितलं. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. मी म्हटलं, निम्मी म्हणजे दोनांत एक. मग एक तुमचं, एक आमचं, असं धरायचं का? बाई म्हणाल्या, तसं नसतं, प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडतं. दोघांनाही येऊ शकतो, किंवा दोघंही सुटू शकतात. मग मुलगी बापासारखी दिसते त्याचं काय? त्याचा काही संबंध नाही. मग वय वाढलं तर कमी होतं का? तरुणपणी चांगलं खाल्लं तर? मी तिथे बसून घासाघीस करत होते. मला दुसरं काही येत नाही. बाईंनी एकाही उत्तरात एक पैसा कमी केला नाही, आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग त्यांनी मुलांशी कसं बोलायचं ते सांगितलं. दिवसा सांगा, घरी सांगा, सणावाराला नको. सगळं एका बैठकीत ओतू नका. मुलं विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्या, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. रक्ताची तपासणी आता करता येते, पण ती करायची की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, आणि आज नाही. कुणाचा दोष नाही हे शेवटी सांगा, कारण सुरुवातीला सांगितलं तर ते कुणाला ऐकू जात नाही. मास्तर हे सगळं ऐकत होते. माप ऐकावं तसं.

रविवारी सकाळी दहाला मी जे. पी. नगरात गेले. सुनंदा शाळेत शिकवायची, वह्या तपासत बसली होती. रमेश पॉलिटेक्निकला होता, विशीतला. मास्तरांची खुर्ची दारामागच्या कोपऱ्यात भिंतीकडे ओढलेली होती. दोघा मुलांपैकी कुणीही त्या कोपऱ्याकडे बघत नव्हतं. सवय लागली होती. मला बघून सीतक्का समजली. म्हणाली, बाई, तुम्ही परक्या, आमच्या रक्तातल्या गोष्टीत पडू नका. मी म्हटलं, रक्तातलीच गोष्ट सांगायला आले आहे.

मास्तर बोलायला लागले आणि मी त्यांच्यामागून बोलत गेले, वाक्याला वाक्य. आजाराचं नाव सांगितलं. मास्तरांच्या अप्पांचं सांगितलं. मग निम्म्या शक्यतेवर येणार, तर सुनंदाने हातातलं लाल पेन खाली ठेवलं.

‘म्हणजे तुम्ही पीत नव्हता?’

एवढंच विचारलं. मला येईल का, माझ्या लग्नाचं काय, काही नाही. मास्तरांनी मान हलवली. त्यांची मान तशीही हलायची, म्हणून त्यांनी तोंडानेही सांगितलं, नाही.

‘पाच वर्षं मी तुमच्याकडे पाठ करून जेवते,’ सुनंदा म्हणाली. ‘अप्पा म्हणून हाक मारली नाही. तुम्ही तिथे बसून बघत होता?’

सीतक्का म्हणाली की हे सगळं तुझ्याचसाठी. सुनंदाने तिच्याकडे पाहिलं नाही. रमेश दारात उभा होता. तो येऊन खाली बसला, बापाच्या पायांपाशी. ते पाय सारखे उडत होते. त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.

‘अप्पा, मी तुम्हाला रस्त्यावर मारलं.’

मास्तर बोलले. मी ते उलगडून सांगणार, पण गरज पडली नाही, त्या दोघांनाही कळलं. ते म्हणाले होते, ‘बरं केलंस. लोकांना पटलं.’

मी भांडखोर बाई आहे. कुठल्याही खोलीतून हरून बाहेर पडलेली मला आठवत नाही. त्या खोलीतून मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. परत आले तेव्हा मुलं विचारत होती. किती वयात येतो? साधारण तिशी-चाळिशीनंतर, पण नक्की माहीत नाही. मुलं होऊ द्यायची की नाही? ते डॉक्टर सांगतील, ठरवायचं तुम्ही. दुखतं का? यावर मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, दुखत नाही, लाज वाटते. शेवटी मी डॉक्टरीणबाईंचं वाक्य सांगितलं, की कुणाचा दोष नाही. सुनंदा म्हणाली, ‘आजारात नाही, मावशी.’

देवनहळ्ळीच्या मुलाला तिने स्वतः बोलावून सांगितलं. मुलगा सभ्य होता, ऐकून घेतलं. दोन दिवसांनी नकार आला. निरोप घेऊन आलेले त्याचे काका मला म्हणाले, दारू असती तर चाललं असतं हो. त्यांना चहा द्यायचा होता, मी दिला नाही.

पुढची तीन वर्षं मास्तर खाली खाली गेले. पण खुर्ची भिंतीकडून निघून खिडकीत आली होती. रमेश त्यांना रोज अंघोळ घालायचा. सुनंदा शाळेतून आली की त्यांच्यासमोर बसून जेवायची, तोंड त्यांच्याकडे करून. एकेका घासाला पाच पाच मिनिटं लागायची, कारण घास अडकायचा. कधी कधी मास्तर संतापायचे, ताट उडवायचे. तो आजारच तसा, स्वभावही कुरतडतो. सुनंदा ताट पुसून पुन्हा वाढायची. दोघंही त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली, दोनतीनदा, बोलायला. रमेशने रक्त तपासून घेतलं. काय निघालं ते त्याचं आहे, मी लिहिणार नाही. सुनंदाने नको म्हटलं. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, रोज सकाळी मी फळ्यावर लिहिते, अक्षर सरळ येतं, एवढं मला पुरतं.

मी मास्तरांना शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. बोलणं पूर्ण गेलं होतं. सुनंदा शाळेत घालायला नवा ब्लाउज शिवून आणून घालून बघत होती, दुसऱ्या कुणाकडून शिवलेला. डावा खांदा अर्धा इंच उतरत होता. मास्तर खुर्चीतून बघत होते. त्यांचं डोकं, हात, छाती, सगळं हलत होतं, फक्त नजर त्या खांद्यावर खिळली होती. मग त्यांचा उजवा हात उठला. उडाला नाही, उठला. सगळीकडे भरकटत, खुर्चीच्या दांडीवर आपटत, दोनदा चुकून तो तिच्या खांद्यापर्यंत गेला, आणि अंगठा आणि बोट यांच्यात त्यांनी ते अर्धा इंच कापड धरलं. सुनंदा हलली नाही. मी टाचणी लावली.

चार आठवड्यांनी ते गेले. छातीत कफ भरला होता.

तेराव्याला मी गेले होते. पंगत बसली होती. मास्तरांचा धाकटा भाऊ वसंत हुबळीहून आला होता, बायको आणि दोन मुलींसह, एक दहावीत आणि एक आठवीत. मी समोरच्या ओळीत होते. वसंतरावांनी पाण्याचा पेला उचलला. पेला तोंडापर्यंत जाता जाता मध्येच झटका बसला आणि पाणी पानात सांडलं. त्यांनी तो हात तसाच वर नेला आणि केसांवरून फिरवला.

मी जेवायची थांबले. शेजारच्या कुणी तरी सीतक्काला हळू आवाजात विचारलं, हेही का? सीतक्का वाढत होती. हातातलं भाताचं पातेलं तसूभर हललं नाही. म्हणाली, ‘काय करणार, तोही घेतो. दोघे भाऊ सारखेच.’ आणि वसंतरावांच्या दोन्ही मुली आपापली पानं उचलून बापाच्या शेजारून उठल्या, आणि पलीकडच्या ओळीत जाऊन बसल्या. वसंतरावांनी मान खाली घातली. एका शब्दानेही ‘नाही’ म्हणाले नाहीत.

मी उठून विचारलं, वसंतराव खरंच पितात का? सीतक्काने मला हाताला धरून दाराबाहेर काढलं आणि पुन्हा तेच सांगितलं, की मी परकी. सुनंदा आणि रमेश काकाशी बोलायला बघत आहेत, वसंतराव फोन ठेवून देतात. शपथ घातली आहे म्हणे.

सीतक्का, तुमची सोयरीक मोडली तेव्हा तुम्ही सोळा वर्षांच्या होतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. तुम्ही ही मुलं पोटाशी धरून वाढवलीत, तेही मी बघितलं आहे. यातलं काहीही मी कमी करत नाही. आजार कुठून आला हे मी तुम्हाला विचारत नाही, ते कुणालाच विचारता येत नाही. पण त्या दोन मुलींनी पानं उचलली, ती तुमच्या एका वाक्याने उचलली. मोठी आता लग्नाची होईल. त्या वर्षानुवर्षं त्या माणसाकडे पाठ करून जेवतील, आणि तो ते बघत बसेल. याचं उत्तर आजाराने द्यायचं नाही. तुम्ही द्यायचं. पुढच्या कार्याला सगळे जमतील तेव्हा मी येणार आहे, बोलावलं नाही तरी, आणि सगळ्यांसमोर विचारणार आहे. वसंतराव पितात का? हो की नाही. त्यांच्या मुलींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा.